करड्या रंगातला गुलाबी

शेडताईंना परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा कारखान्यात सगळ्यात मोठा धक्का बसला तो खुद्द शेडताईंना. रंगाच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं त्या शेड जुळवत होत्या. लागल्या होत्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला. एके दिवशी जुन्या शेडमास्तरांनी दोन रंगवलेले पत्रे समोर धरून सहज विचारलं, "यातला पिवळट कुठला गं?" यांनी कुठला ते सांगितलं आणि किती पिवळट तेही सांगितलं. तेव्हापासून बाटल्या सुटल्या त्या कायमच्या. खरं नाव पगारपत्रकात राहिलं; वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'शेडताई'.

भानगड एका करड्या रंगाची होती. परदेशातली एक कंपनी दारं आणि कपाटं बनवायची आणि तीन वर्षं यांच्याकडून तो करडा रंग घ्यायची. कधी तक्रार नाही. गेल्या दोन खेपांना मात्र त्यांचा एकच धोशा, तुमचा करडा गुलाबी दिसतो. इकडच्या रंग मोजायच्या मशीनवर रंगवलेला पत्रा ठेवला की मशीन म्हणे बरोबर, आणि तिकडून मेल येई चूक.

शेवटी मालक वैतागले. "मशीन बरोबर आणि गिऱ्हाईक खोटं, असं म्हणून धंदा होतो का? माणूस पाठवा. डोळे असलेला."

सोबत विक्री खात्याचे साहेब होते. साहेब कसले, तिशीही न ओलांडलेला मुलगा. पण सहा वेळा परदेशी जाऊन आलेला आणि इंग्रजी असं फाडफाड बोलणारा की ऐकणाऱ्याने आधीच हो म्हणून टाकावं. "ताई, तुम्ही फक्त बघायचं," त्यांनी सांगून ठेवलं, "बोलायचं काम माझं." ताईंच्या जिवात जीव आला. त्यांचं इंग्रजी डब्यावरची लेबलं आणि रंगाचे फॉर्म्युले वाचण्यापुरतं. बोलायची वेळच कधी आली नव्हती.

पासपोर्ट घरात होता. नणंदेची लेक परदेशी असते, तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून काढला होता. जाणं झालंच नाही, ते बाळ आता शाळेत जातं. नवऱ्याने तो कपाटातून शोधून काढला, झटकला आणि वर सूचना दिली, "तिकडे कुणाशी हुज्जत घालू नकोस." जसं काही त्या दर आठवड्याला कुठे ना कुठे हुज्जत घालायलाच जात होत्या!

विमानात साहेबांनी बर्फ घातलेले तीन ग्लास ज्यूस घेतले आणि डोक्यावरच्या गार हवेच्या झोताखाली गळा उघडा टाकून झोपले. ताईंनी दोनदा त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं, दोनदा त्यांनी ते लाथाडलं. उतरल्यावर पासपोर्टच्या खिडकीशी अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं, साहेबांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, तर कुणीतरी पत्र्यावर खडे घासल्यासारखा आवाज. अधिकाऱ्याने साहेबांकडे पाहिलं आणि मग मागे उभ्या ताईंकडे पाहिलं.

"सर," ताई म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला, "नो व्हॉइस. आइस्क्रीम." आइस्क्रीम नव्हतं, ज्यूस होता, पण बर्फ म्हणायला तोच शब्द आठवला. अधिकाऱ्याने हसून दोघांचेही शिक्के मारले.

हॉटेलची खोली ताईंना आवडली. पांढरीशुभ्र चादर, टेबलावर किटली, खिडकीला इतके जाड पडदे की दुपारची संध्याकाळ व्हावी. फक्त दिवे लागत नव्हते. त्यांनी एकूण नऊ बटणं मोजली, सगळी खालीवर करून पाहिली. कुणाला विचारावं तर साहेबांना आवाज नाही आणि खाली काउंटरवर जाऊन काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी मोबाइलची बॅटरी चालू करून तो न्हाणीघरातल्या आरशापाशी टेकवला आणि तशाच उजेडात आंघोळ उरकली. नळ उजवीकडे वळवला की उकळतं पाणी, डावीकडे वळवला की बर्फ, आणि मधली जागा केसभर. ती एकदा सापडल्यावर ताई पंधरा मिनिटं जागच्या हलल्या नाहीत. घरी एक बादली पुरवून वापरायची सवय. इथे डोक्यावरून पाणी पडतंय आणि दाराबाहेरून कुणी 'आटप' म्हणत नाही, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

जेवायला खाली भेटले तेव्हा साहेबांनी वहीवर लिहून विचारलं, 'खोली ठीक?' ताईंनी दिव्यांचं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि लिहिलं, 'दाराजवळ खाच आहे. त्यात खोलीचं कार्ड घालायचं!!' दोन उद्गारचिन्हं. ताई पदराआड इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचेही हसायला लागले.

"बरं, आता तुमचं बघू," म्हणत त्यांनी गरम पाणी आणि मीठ मागवलं. मीठ त्यांना इंग्रजीत येत होतं. "गुळण्या करायच्या. समोर नको, न्हाणीघरात जा. पाच वेळा."

साहेबांनी मान हलवली, नको.

"अरे, नको काय? उद्या मीटिंग आहे. जा, उठ." 'अरे' तोंडातून निघून गेला आणि ताईंनी जीभ चावली. साहेब मात्र निमूटपणे ग्लास घेऊन उठले.

सकाळीही आवाज आला नाही. दारांच्या कारखान्यात सहा जण मीटिंगला बसले होते. मुख्य मॅनेजरबाई उंच, केस कानापर्यंत कापलेले, पायात कामगारांचे जाड बूट. त्यांच्या बाजूला एक म्हातारबुवा बसले होते, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. ताईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं, दोनचष्मे. ते तिथले रंग बघणारे, म्हणजे ताईंचेच तिकडचे भाऊबंद.

साहेबांनी घशाला हात लावून कुजबुजत माफी मागितली. मग एक गंमत झाली. मॅनेजरबाईंनी "काही हरकत नाही" म्हटलं तेही कुजबुजत. त्यांच्या शेजारच्याने कागद पुढे केला तो कुजबुजत. पाच मिनिटांत अख्खं टेबल कुजबुजायला लागलं, जसं काही पलीकडच्या खोलीत तान्हं बाळ निजलं होतं. ताईंना हसू आवरेना. त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. सर नो व्हॉइस. आय स्पीक. प्लीज, शो मी डोअर."

सगळे दचकले. दोनचष्मे तेवढे उठले आणि दार उघडून उभे राहिले. त्यांना वाटलं, बाईंना बाहेर जायचंय.

तो घोळ निस्तरल्यावर ते सगळ्यांना खालच्या दालनात घेऊन गेले. तिथे तयार कपाटं मांडून ठेवली होती. एका कपाटाची दोन दारं ताईंच्या समोर होती. डावं दार जुन्या खेपेतल्या रंगाचं, करडं, शांत, राखेसारखं. उजवं नव्या खेपेतलं. आणि त्याच्या गालावर सरळसरळ गुलाबी झाक होती. लपवाछपवीला जागाच नव्हती.

ताईंचा चेहरा उतरला. हा रंग त्यांनी स्वतः पास केला होता. बावीस वर्षांत त्यांच्या सहीचा डबा परत आला नव्हता. त्या दारापाशी किती वेळ उभ्या होत्या त्यांनाच कळलं नाही. मग काहीतरी मनात येऊन त्यांनी दोन्ही रंगांचे नमुन्याचे पत्रे मागितले आणि ते घेऊन तरातरा बाहेर आवारात गेल्या. बाकीचे मागोमाग.

उन्हात दोन्ही पत्रे एकसारखे. तंतोतंत. आत आणले, तर पुन्हा एक गुलाबी. बाहेर नेले, तर सारखे. तिसऱ्यांदा आत-बाहेर केल्यावर दोनचष्म्यांनी वर बोट दाखवलं. दालनाच्या छताला पिवळसर उजेडाच्या नळ्या होत्या, तिथल्या घरांत असतात तशा. कपाटं शेवटी घरातच जायची ना.

"उजेड," ताई पुटपुटल्या. "आमचं मशीन दिवसाच्या उजेडावर लावलेलं. आम्ही असा उजेड बघितलाच नाही." आणि त्यांच्या डोक्यात लख्खकन आलं की करड्यात जाणारं लाल रंगद्रव्य उन्हाळ्यात बदललं होतं. थेंबभरच जातं ते. तो लाल उन्हात जुन्यासारखाच दिसायचा. या दिव्याखाली मात्र आपले गुण उधळत होता.

त्यांनी हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि वहीवर भराभर लिहिलं, 'त्यांना आत्ताच काही सांगू नका. आधी उपाय शोधा.'

उपाय शोधायला दोन दिवस गेले. कारखान्याच्या मागच्या बाजूला दोनचष्म्यांची खोली होती. आत सगळीकडे डबे, काड्या, पत्रे. ताईंना आपल्याच खोलीत आल्यासारखं वाटलं, वासही तोच. पांढरा होता, काळा होता, पिवळा होता, हवा होता फक्त जुना लाल. ताईंनी खुणेने, बोटाने आणि "ओल्ड, ओल्ड रेड" म्हणून विचारलं. दोनचष्मे जरा विचारात पडले, मग स्टुलावर चढून सर्वांत वरच्या फळीवर हात घातला आणि धुळीने माखलेली एक छोटी बाटली काढली. जुन्या लालाची, ओरखडे बुजवायला तिथेच करडा मिसळता यावा म्हणून पहिल्या वर्षी यांच्याच कारखान्याने पाठवलेली. लेबलवर ताईंचंच अक्षर होतं.

"कशाला ठेवली होतीत हो?" ताईंनी मराठीतच विचारलं.

दोनचष्म्यांनी खांदे उडवले आणि फळीवरच्या आणखी चाळीसेक बाटल्यांकडे हात केला. काहीच टाकून न देणारा माणूस. ताईंच्या घरीही त्यावरूनच रोज वाद व्हायचे.

मग दोघं बसले मिसळायला. एक थेंब, ढवळा, पत्र्यावर ओढा, वाळू द्या, दिव्याखाली बघा, उन्हात बघा. ओल्या रंगावर दोघांचाही विश्वास नव्हता, त्यामुळे वाळेपर्यंत दोघंही गप्प बसत. काळ्याच्या वेळी दोनचष्मे बाटली जरा सढळ हाताने वाकवायला लागले, तर ताईंनी त्यांचं मनगटच धरलं. "थोडं! थोडं!" मग ओशाळून हात सोडला. दोनचष्म्यांनी दोन्ही चष्म्यांवरून त्यांच्याकडे पाहिलं, बाटली अगदी हळू तिरकी केली आणि म्हणाले, "तोडं?" त्यानंतर दोन दिवस त्या खोलीत हाच एक शब्द चालला. हो, नाही, अजून, पुरे, सगळ्याला तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ताई एकट्याच औषधाचं दुकान शोधायला निघाल्या. साहेबांचा घसा गुळण्यांना जुमानत नव्हता. दुकानात त्यांनी गळ्याला हात लावला, तोंड उघडून आवाज न काढता ओठ हलवले, हात हलवून नाही म्हटलं. दुकानदारीणबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'तुम्ही किती वर्षांपासून बोलत नाही?'

"नो, नो, आय स्पीक!" ताई म्हणाल्या, आणि दुकानदारीण अशी उडाली की मागची बरणी हलली. गैरसमज दूर झाल्यावर दोघी पोट धरून हसल्या. ताईंना चघळायच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं.

परतताना त्या रस्ता चुकल्या. एक वळण आधी घेतलं असावं. एका लहानशा बागेपाशी आल्या, तिथे बाकडं रिकामं होतं, बसल्या. हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड पर्समध्ये होतं, घड्याळात अजून तास होता, घाई नव्हती. समोर एक बाई कुत्र्याला फिरवत होती, कुत्रा बाईला. कोवळं ऊन गुडघ्यांवर येऊन पडलं. ताईंच्या लक्षात आलं की या क्षणी आपण कुठे आहोत हे जगात कुणालाही माहीत नाही, आपल्यालासुद्धा. खरं तर घाबरायला हवं होतं. त्यांनी पाकीट फोडून साहेबांची एक गोळी तोंडात टाकली आणि सावकाश चघळत बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा.

"अगं, कुकरची रिंग कुठाय?"

"परदेशात फोन करून रिंग विचारताय?"

"मग कुणाला विचारू? लेक म्हणते, आईला माहीत."

"फ्रीजमध्ये. वरच्या कप्प्यात, दाराच्या बाजूला."

"रिंग? फ्रीजमध्ये?"

"ढिली पडते म्हणून ठेवते हो. दहा वर्षं तिथेच असते."

पलीकडे फ्रीज उघडल्याचा आवाज आला. "सापडली. तू कुठेस?"

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. "बसलेय," त्या म्हणाल्या.

कार्ड दाखवत, विचारत विचारत त्या हॉटेलात पोचल्या, तर खोलीत सफाईवाल्या बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रोज सकाळी उठल्याबरोबर ताई चादर झटकून, घडी घालून ठेवायच्या. परक्या बाईने आपलं अंथरूण काढावं हे त्यांना पटत नव्हतं. सफाईवाल्या बाईंनी घडी केलेल्या चादरीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि बोट हलवलं, हे माझं काम. ताईंनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंथरूण तसंच टाकायचं मनावर घेतलं. ते त्यांना फार अवघड गेलं, पण संध्याकाळी उशीवर दोन जादा साबण आणि एक चॉकलेट ठेवलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रा जुळला. दिव्याखाली जुळला, उन्हात जुळला, खिडकीशी, जिन्याखाली, दोनचष्म्यांच्या मोटारीच्या बोनेटवर, सगळीकडे जुळला. दोनचष्म्यांनी दोन्ही चष्मे काढून खिशात ठेवले आणि उघड्या डोळ्यांनी एकदा पाहिलं. मग ताईंशी हात मिळवला. दोघांचेही हात करडे.

वर मीटिंग भरली. मॅनेजरबाईंनी पत्रा पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "चूक कशामुळे झाली होती?"

साहेबांनी वही ताईंकडे सरकवली. पान आधीच लिहून तयार होतं. 'म्हणा, जहाजावरच्या उष्णतेमुळे रंगात फरक पडला.' खाली रेघ मारलेली.

ताईंनी ते वाचलं. उष्णतेला इंग्रजीत काय म्हणतात तेही त्यांना येत होतं. पण समोर दोनचष्मे बसले होते, आणि दोन दिवस त्या माणसासोबत थेंब मोजल्यावर ते वाक्य जिभेवर येईना.

"अवर मिस्टेक," त्या म्हणाल्या. "वुई चेंज रेड. इन सन, सेम. इन युवर लाइट, पिंक. आय नॉट सी युवर लाइट. माय मिस्टेक."

साहेबांनी डोळे मिटले. मॅनेजरबाईंनी दोनचष्म्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ते बराच वेळ बोलले, आणि मध्ये एकदा 'तोडं' ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, पुढची खेप छोटी पाठवा. ती त्यांच्या दिव्याखाली बघू. ठीक निघाली तर पूर्वीसारखं चालू. बस, एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी ओरडलंही नाही.

टॅक्सीत साहेबांचा आवाज अर्धामुर्धा परत आला होता, आणि त्याचा पहिला उपयोग त्यांनी चिडायला केला. "ताई, मालकांना मी काय सांगू? आपली चूक लेखी मागतील ते लोक!"

"मी सांगते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच फोन लावला. शेड जुळल्याचं सांगितलं, लाल रंगद्रव्याचं सांगितलं, साहेबांचा घसा बसल्याने चूक आपणच कबूल केल्याचंही सांगितलं.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लाल बदलला कुणी?"

"तुम्हीच. उन्हाळ्यात. मी म्हटलं होतं, महिनाभर बघू. तुम्ही म्हणालात, मशीन हो म्हणतंय."

"बरं," मालक म्हणाले. "जुना मागवतो. साहेबांचा घसा कसाय?"

"बरा आहे, ओरडतायत माझ्यावर."

फोनमधून मालकांचं हसणं टॅक्सीभर ऐकू गेलं. साहेबांनी खिडकीबाहेर तोंड केलं. पण कान लाल झाले होते आणि थोड्या वेळाने त्यांचेही खांदे हलायला लागले. "ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या गोळ्या आहेत का अजून?" पाकिटात एकच उरली होती. बाकीच्या कुठे गेल्या ते ताईंनी सांगितलं नाही.

निघताना सकाळी दोनचष्मे हॉटेलवर आले. हातात पुठ्ठ्यात गुंडाळलेलं हातभर लांब काहीतरी होतं. त्यांच्या दालनातली दिव्याची नळी, कोरी. ताईंनी ती आपल्या दोन साड्यांमध्ये गुंडाळली, बॅगेत मावेना म्हणून हातात घेतली, आणि विमानतळावर तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "लाइट. फॉर सी कलर." तिसऱ्याने तर त्यांना आपल्या गणवेशाचा रंग कसा वाटतो तेही विचारलं. "लिटल ग्रीन," ताईंनी खरं ते सांगितलं.

सोमवारी कारखान्यातल्या वायरमनने नळी पाहिली आणि म्हणाला, "ताई, हिचा होल्डर आपल्याकडे मिळत नाही." मिळत नाही म्हणत म्हणत त्याने दुपारपर्यंत तुकडे जोडून एक बनवला. ताईंनी खोलीच्या खिडक्यांवर वर्तमानपत्रं लावली आणि दिवा लावला. पिवळसर उजेड भिंतीवर टांगलेल्या पत्र्यांवर पसरला. बावीस वर्षांचे सगळे शेड. ताई एकेकासमोरून सावकाश चालत गेल्या. एक फिकट निळा होता, तो थोडा हिरवा वाटत होता. खालचा बदामी तर चक्क जांभळट.

त्यांनी दोन्ही पत्रे काढून टेबलावर ठेवले आणि दाराबाहेर डोकं काढून शिपायाला हाक मारली.

"मालकांना म्हणावं, जरा वेळ काढून इकडे या. आणि तुम्ही परत येताना चहा सांगा दोन. वेळ लागणार आहे."